तिसऱ्या रांगेतली सीट

गेल्या वर्षी १९ जानेवारीला, रविवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास सांगलीतल्या एका शोरूममध्ये मी सात सीटांच्या डिझेल गाडीचं बुकिंग केलं. भरले अकरा हजार रुपये. हजर होतो चौघं: मी, माझी बायको, आबा म्हणजे माझे वडील, आणि अकरावीतला मुलगा. धाकटी नव्हती. धाकटी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. घरात तिला सगळे धाकटीच म्हणतात. ती घरी आईजवळ थांबली होती. तिनं येऊ नये असं कुणी म्हटलं नव्हतं. पण चल असंही कुणी म्हटलं नव्हतं.

हे आधीच सांगून टाकतो, कारण ती गाडी मुख्यतः तिच्यासाठीच घेतली जात होती.

आमचं गाव कवठे महांकाळपासून सात किलोमीटर आत. घरात आठ माणसं: आबा, आई, मी, बायको, आमची दोन मुलं, धाकटी आणि तिची सहा वर्षांची मुलगी. नववा माझा भाऊ. तो सैन्यात आहे, तेव्हा राजस्थानात होता, आणि वर्षातून दोन वेळा घरी येई. आठातली पाच माणसं रोज बाहेर पडायची. बायको मिरजेच्या अलीकडे एका शाळेत शिकवते, मुलगा मिरजेत अकरावीला, मुलगी सांगलीत कॉलेजला, माझं ऑफिसही सांगलीत. धाकटी मिरजेतल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्ततपासणीचं काम करते. त्याशिवाय आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला मंगळवारी आणि शुक्रवारी व्यायामासाठी मिरजेला न्यावं लागायचं, आणि तिच्यासोबत आबा. गाव ते मिरज शेहेचाळीस किलोमीटर. पाच माणसं पाच तऱ्हेनं जायची: कोणी मोटरसायकलवर कवठ्यापर्यंत आणि तिथून पुढं एसटी, कोणी गावातूनच एसटी. आईला भाड्याची गाडी.

दिवाळीनंतर गावातून सुटणारी सहा वीसची एसटी बंद झाली. पुढची गाडी मिरजेत पोचायला पावणेनऊ करते. बाकीच्यांचं तिच्यावर भागत होतं. धाकटीची ड्यूटी आठची. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला माणसं येऊन बसलेली असतात, तिथं उशीर चालत नाही. मग ती वडापनं जायला लागली. वडाप म्हणजे आमच्याकडची भाड्याची जीप. भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरल्यावरही आणखी दोघं बसवते. डिसेंबरात धाकटीचे सहा लेटमार्क लागले. तिच्या वरच्या बाईंनी तिला सांगितलं, मार्चअखेरपर्यंत सोय करा, नाहीतर तुमच्या जागी दुसरी मुलगी बघावी लागेल.

भाऊ फोनवर म्हणाला, "मग सोड म्हणावं. माझा पगार हाय की."

फोन स्पीकरवर होता. धाकटी भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही, पण त्या दिवशीची ती भाकरी मोडली. नऊ वर्षांची नोकरी होती ती. मी भावाला म्हटलं, "सोडायचं काय कारण? सगळ्यांनाच लागतीय, गाडी घेऊ." आपण एकदम मोठ्या मनाचं बोललो असं मला तेव्हा वाटलं.

मी पाटबंधाऱ्याच्या कामात आहे. कालव्याच्या तोंडाशी किती पाणी सुटलं आणि शेवटच्या गेटला किती पोचलं, याच्या नोंदी सव्वीस वर्षं ठेवतो आहे. साहजिकच गाडीसाठीही मी तक्ता केला. प्रत्येकाचं नाव, कुठं उतरणार, किती वाजता पोचायला हवं, किती किलोमीटर, उंची आणि वजन. वजनं गावातल्या अडत्याच्या काट्यावर केली. आई काट्यावर चढायला तयार नव्हती. "मला काय हळदीचं पोतं समजलास व्हय रं?" म्हणाली. शेवटी आबांनी हाताला धरून चढवलं. अडुसष्ट भरली. सर्वांत कमी धाकटी, सत्तेचाळीस. तिचं वजन बायकोनं मला कागदावर लिहून दिलं. उंची चार फूट दहा.

त्या तक्त्यावरून सीटा ठरल्या. चालवणार मी. आबांनी सैन्यात एकवीस वर्षं ट्रक चालवले, पण आता त्यांच्या डोळ्यांवर भरवसा नाही. बायकोनं एकदा शिकायला घेतलं होतं आणि गोठ्याची भिंत पाडून सोडून दिलं होतं. पुढं आई, कारण तिचा गुडघा पूर्ण वाकत नाही. मधल्या रांगेत आबा, बायको, मुलगी. मागच्या रांगेत पाय ठेवायला जागा कमी, म्हणून तिथं मुलगा आणि धाकटी. मुलगा तरुण, धाकटी लहानखुरी. याच्यावर कोणाचा आक्षेप असण्याचं कारण मला दिसत नव्हतं. तक्ता मी स्वयंपाकघराच्या दाराशेजारी लावला.

शोरूममध्ये माझी एक अट होती. आमच्या खात्यात रिकाम्या कालव्याची चाचणी घेत नाहीत; पूर्ण पाणी सोडतात आणि मग गळती बघतात. म्हणून मी म्हटलं, सात माणसं भरून गाडी आमच्या गावापासून मिरजेपर्यंत चालवून बघणार, तोपर्यंत बुकिंग पक्कं धरायचं नाही. सेल्समन हसला, पण कबूल झाला.

पुढच्या रविवारी, सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन करून आम्ही निघालो. सेल्समनला बसायला जागा हवी म्हणून मुलाला आणि पुतणीला घरी ठेवलं. मी सेल्समनचं वजन विचारलं. तो म्हणाला, "त्र्याऐंशी, सर. का?" मुलापेक्षा सव्वीस किलो जास्त, म्हणजे चाचणी आणखी कडक होणार होती. एकूण भार चारशे एक्कावन्न. सेल्समन मध्ये आबा आणि बायकोशेजारी बसला, मुलगी मागे धाकटीजवळ. मी किलोमीटरचा आकडा लिहून घेतला आणि गाडी सुरू केली.

गाडी छान चालली. चढाला गिअर फक्त एकदा खाली घ्यावा लागला. चौदाव्या किलोमीटरला, द्राक्षबागांच्या पट्ट्यात, बायको मागून म्हणाली, "थांबवा जरा."

"का?"

"थांबवा म्हणते ना."

धाकटीला उतरायला मधल्या रांगेतल्या तिघांना आधी उतरावं लागलं. सेल्समनला सीट पुढं ढकलायची खटकी सापडेना. ती उतरली आणि रस्त्याकडेला बागेच्या तारेला धरून ओकली. मी घड्याळ बघितलं. सेल्समन माझ्याशेजारी येऊन म्हणाला, "नव्या गाडीला वास असतो, सर. आठ दिवसांत जातो."

बायकोनं धाकटीला मधल्या रांगेत खिडकीशी घेतलं, सेल्समन मागे गेला. आणखी आठ किलोमीटर झाले आणि पुन्हा थांबावं लागलं. या वेळी धाकटीनं चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं, आणि गाडीत चढलीच नाही. बायकोला म्हणाली, "ताई, तुमी जावा. मी इथनं एसटी बघते, घरला जाते."

ती माझ्याशी बोलली नाही, बायकोशी बोलली. तशीच रीत होती. मीही बायकोलाच म्हणालो, "सगळं तिच्यासाठी चाललंय, आणि ती रस्त्यावर उतरून राहती व्हय? लोक काय म्हणतील?" मी हळू बोललो असं मला वाटलं होतं. तिला ऐकू गेलं होतं.

मुलगी तिच्यासोबत थांब्यावर उतरली. आम्ही बाकीचे मिरजेपर्यंत गेलो आणि परत आलो. शहाण्णव किलोमीटर, परतताना धाकटीला आणि मुलीला शोधायला फाट्यावर आत वळलो ते धरून. ॲव्हरेज काढलं. तेही चांगलं आलं.

घरी आल्यावर मी विषय काढला. सोप्यात, म्हणजे बाहेरच्या ओसरीत, आबा आणि आई बसले होते, बायको दारात तांदूळ निवडत होती. धाकटी आत होती. मी म्हटलं, काल रात्री काहीतरी बाधलं असेल तर तसं सांगायचं, लिंबू घ्यायचं, गोळी घ्यायची.

बायकोनं ताट खाली ठेवलं. "सहा लेटमार्क कशानं लागले तिला, म्हाईत हाय?"

"वडाप उशिरा सुटते म्हणून."

"वडाप उशिरा सुटती, आणि मधी दोनदा थांबती. हिच्यामुळं. मागं बसलं की लागती तिला गाडी, लग्न होऊन आली तवापासनं. मधीबी लागती. एसटीत ती कुठं बसायची ठाऊक हाय? पयल्या शिटावर, समोरची काच दिसती तिथं. कंडक्टर धरून ठेवायचा जागा तिच्यासाठी. नऊ वर्सं परका माणूस जागा धरतोय तिची, आणि तुमी तक्ता लावलाय."

मी म्हटलं, "मग सांगायचं नव्हतं का?"

"काय सांगू? पुढच्या शिटावर आत्याबाई बसणार. त्या नसल्या तर मी. ती बसली तर तुमच्या शेजारी. बसवताय?"

हे बाहेरच्या माणसाला समजायचं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको थोरल्या दिरासमोर बसत नाही. मी सोप्यात आलो की धाकटी उठते. माझ्या हातात ती चहा देत नाही, खाली ठेवते किंवा बायकोकडे देते. हे कुणी भांडून लादलेलं नाही. अकरा वर्षं ती असंच करत आली आणि मी असंच घेत आलो. चार वर्षांपूर्वी तिच्या मुलीला रात्रभर ताप होता. सकाळी मी मोटरसायकल काढली. धाकटी माझ्यामागे बसली नाही. तिनं मूल बायकोच्या हातात दिलं, बायको मागे बसली, आम्ही तिघं डॉक्टरकडे गेलो, आणि मुलीची आई दोन किलोमीटर चालत मागून आली. ती पोचेपर्यंत इंजेक्शन देऊन झालं होतं. तेव्हा मला त्यात वावगं वाटलं नव्हतं. त्या रविवारी सोप्यात बसल्यावर ते आठवलं, आणि त्यानंतर अनेकदा आठवलं आहे.

आई म्हणाली, "दिराशेजारी पुढं बसून गावातनं जायाचं? माणसं नावं ठेवतील."

"मग मधी पडदा लावा," बायको म्हणाली. "कंडक्टर चालतोय, वडापवाला चालतोय, घरचा माणूस तेवढा चालत न्हाई."

आबा हसले. आई त्यांच्याकडे बघून म्हणाली, "तुमास्नी काय हसाय येतंय?"

"हसू नगं तर काय करू? ह्यानं समद्यांचं वजन केलं. कोण कुठं बसूनशान ओकतंय त्ये तेवढं लिवलं न्हाई." मग ते म्हणाले, "लेहच्या रस्त्याला आमच्या ट्रकात जवान बसायचे पाठीमागं. धडधाकट पोरं. निम्मी ओकायची. ड्रायव्हरला गाडी लागलेली मी एकवीस वर्सांत बघितली न्हाई."

ते सहज बोलले होते, जुनी आठवण म्हणून. पण आतून भांड्यांचा आवाज थांबला. धाकटी दारापर्यंत आली. पदर डोक्यावर होता, दाराची चौकट हातात धरली होती, आणि नजर खाली होती. पण ती बोलली ती माझ्याशी.

"दादा, मी शिकलीय."

"काय शिकलीस?" आईनं विचारलं.

"गाडी. मिरजेत एक बाई शिकवत्यात. जेवणाच्या सुट्टीत जाते. पंधरा दिवस झाले." मग घाईनं, अडवायच्या आत सगळं सांगून टाकावं तसं ती बोलली. "त्या गाडीतबी आधी मागं बसवलं तवा लागली. मग स्टेअरिंगवर बसले तर न्हाई लागली. एकदाबी न्हाई. लर्निंग लायसन निघालंय. चौदा फेब्रुवारीला परीक्षा हाय."

मी म्हटलं, "मग विचारायचं होतं."

"इचारणारच हुते. पण तुमी शिटा वाटून टाकल्या हुत्या."

मी फीचं विचारलं. असं काही घडलं की मी आकड्याकडे वळतो, तो माझा स्वभाव आहे. ती म्हणाली, साडेपाच हजार. मी म्हटलं, "मी देतो." ती म्हणाली, "भरल्यात मी." आणि आत गेली.

त्यानंतरचे दोन दिवस घरात आई बोलत नव्हती. तिला धाकटीनं नोकरी करण्याचं काही नव्हतं. उलट बायकांत ती सांगायची, आमची सून रक्त काढती, तुमास्नी कळतबी न्हाई सुई कवा गेली. पण सून गाडी चालवते आहे आणि थोरला दीर बाजूला बसला आहे, हे चित्र तिच्या पचनी पडत नव्हतं. तिसऱ्या दिवशी जेवताना आबांनी विषय संपवला.

"ह्यो बाजूला कशाला बसल? ह्यो मागं बसल. मागं बसला तर तिला ह्याचं तोंड दिसत न्हाई, ह्याला तिचं दिसत न्हाई. रीत मोडली कुठं?"

"आरसा असतो की पुढं," आई म्हणाली.

"मग आरशात बघू नगं म्हणावं त्याला."

बायकोला ठसका लागला. आईनं आबांच्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, "मंगळवारी-शुक्रवारी पुढची शीट माझी. ते आधी सांगून ठेवते." तीच तिची संमती होती.

भावाला मी फोन केला. मला वाटलं तो आढेवेढे घेईल. तो म्हणाला, "दादा, मला पयल्या दिवसापासनं म्हाईत हाय. तिनं सांगितलं हुतं, दादास्नी सांगू नका म्हणून." म्हणजे घरात मी आणि आई सोडून बहुतेकांना ठाऊक होतं. मुलीलाही ठाऊक होतं. परीक्षेचा फॉर्म तिनंच भरून दिला होता.

नऊ फेब्रुवारीला आम्ही पुन्हा शोरूमला गेलो. या वेळी हजर: मी, बायको, धाकटी. तिला चालकाच्या सीटवर बसवलं. सीट पूर्ण पुढे घेतली तरी क्लच पूर्ण दाबायला तिला कमरेतून सरकावं लागत होतं, आणि बॉनेटचा डावा कोपरा तिला दिसत नव्हता. माझ्या तक्त्यात सातही जणांची उंची होती. चालवणाऱ्याची म्हणून वेगळी नव्हती. मी स्वतःला चालवणारा धरून पाच फूट आठ इंचांवर सगळा हिशोब केला होता.

सेल्समन माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडमना मागची सीट दाखवू का, सर? मागे आता वेगळा एसी दिलाय."

"मागची बघितलीय," धाकटी म्हणाली. "क्लच किती आत जातो ते सांगा."

तो गोंधळला. त्याला ते माहीत नव्हतं. त्यानं आतून मेकॅनिकला बोलावलं. धाकटीनं त्याला तीन प्रश्न विचारले: सीट वर उचलता येते का, क्लच हलका करता येतो का, आणि वळायला किती जागा लागते. तिच्या दवाखान्याच्या मागचं पार्किंग अरुंद आहे. तिथं ॲम्ब्युलन्सला वाट सोडून गाडी लावावी लागते. गाडी दिवसभर तिथंच राहणार होती, सांगलीला जाणार नव्हती. मी आणि मुलगी मिरजेहून सिटी बसनं पुढे जाणार होतो. हेही माझ्या तक्त्यात उलटं होतं.

ती गाडी आम्ही सोडली. बुकिंगच्या अकरा हजारांतले दीड हजार त्यांनी कापले, साडेनऊ हजार परत दिले. माझ्या अटीत गाडी पास झाली होती आणि कापणीचं कलम पावतीच्या मागे छापलेलं होतं, ते मी वाचलं होतं, म्हणून मला तक्रारीला जागा नव्हती. त्याच दिवशी दुसऱ्या शोरूममध्ये सात सीटांचीच, पण लहान, सीएनजीवर चालणारी गाडी बघितली. तिची चालकाची सीट लिव्हर ओढला की वर येते. धाकटीनं ती तीन वेळा वर-खाली केली, दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले, आणि समोर बघत राहिली. बायको मला म्हणाली, "तुमचा मोजायचा टेप घरी राहिला वाटतं." तिसरी रांग या गाडीत आधीच्या गाडीपेक्षा चार बोटं कमी होती. ते मी हातानं मोजलं.

चौदा फेब्रुवारीला ती परीक्षा पास झाली. पाडव्याला, तीस मार्चला, गाडी घरी आली. आईनं चाकांखाली लिंबं ठेवली, आणि चावी देवापुढून उचलून धाकटीच्या हातात दिली, माझ्या नाही. पहिली फेरी मंगळवारी, एक एप्रिलला. मंगळवार असल्यानं पूर्ण भार: सात माणसं; पुतणी शेजारच्या घरी. पुढे आई. मधल्या रांगेत आबा, बायको, मुलगी. मागे मुलगा आणि मी.

सहा पंचवीसला निघालो. गाव ओलांडताना पारावरच्या एकानं हात वर केला आणि ओरडला, "आवं आबा, पोराला मागं टाकलं व्हय?" आबांनी काच खाली केली. "त्याला पुढचं दिसत न्हाई, म्हणून मागं टाकलाय." आई खाली बघून हसली. धाकटीनं गिअर बदलला. आवाज झाला नाही.

मी नेहमीप्रमाणे वही काढली होती. निघायची वेळ, किलोमीटर, कवठ्याचा फाटा किती वाजता, असं लिहीत होतो. माझे गुडघे पुढच्या सीटला टेकले होते आणि पाय कुठं न्यावेत ते कळत नव्हतं. द्राक्षबागा लागल्या तेव्हा पोटात काहीतरी हललं. मी पेन थांबवलं. पुढच्या वळणावर कपाळाला घाम आला. वही मिटली आणि समोरच्या काचेकडे बघायला लागलो. तिसऱ्या रांगेतून समोरची काच दोन डोक्यांच्या मधून वहीच्या पानाएवढी दिसते. मी काही बोललो नव्हतो. पण आरशात दिसलं असावं, कारण धाकटीनं एसी बंद करून काचा उघडल्या, गाडी हळू केली, आणि म्हणाली, "ताई, माझ्या पिशवीत आल्याची वडी हाय. दादास्नी द्या."

बायकोनं मागे हात केला. तिनं काही टोमणा मारला नाही, आणि तेच मला जड गेलं. मी वडी तोंडात ठेवली. त्या पिशवीत वड्यांची पुडी, प्लास्टिकच्या घड्या घातलेल्या पिशव्या आणि एक जुना टॉवेल होता. अकरा वर्षं ती ते सामान घेऊन फिरत होती.

दवाखान्याच्या मागं गाडी लावून ती उतरली तेव्हा सात एक्केचाळीस झाले होते. तिनं आरशात बघून पदर नीट केला, आणि आत गेली. एप्रिलमध्ये चोवीस फेऱ्या झाल्या. लेटमार्क एकही नाही. वरच्या बाईंनी तिला काही सांगितलं नाही. दुसरी मुलगी बघायचं बोलणं आपोआप थांबलं.

मी आता मागेच बसतो. वही काढत नाही. आई नसते त्या दिवशी बायको पुढे बसते, आणि मधली रांग मला मोकळी असते, तरी मी मागेच बसतो. का, ते मला नीट सांगता येणार नाही. तक्ता मी भिंतीवरून काढून टाकला. खिळा अजून आहे. पुतणी त्याला दप्तर अडकवते.

गाडीची किंमत, नोंदणी आणि विम्यासह, बारा लाख अडुसष्ट हजार. निम्मे मी दिले, निम्मे भावानं. एप्रिलभर गॅस धाकटीनं स्वतःच्या पैशानं भरला होता. महिनाअखेरीस तिनं सगळ्या पावत्या पिनेनं लावून बायकोकडे दिल्या: आठ हजार सहाशे चाळीस. रोजची माणसं पाच, माणशी सतराशे अठ्ठावीस. मी, बायको आणि दोन मुलं धरून चौघांचे झाले सहा हजार नऊशे बारा. बायको म्हणाली, "द्या इकडं, मी देते तिला."

मी म्हटलं, "राहू दे."

धाकटी अंगणात गाडीची काच पुसत होती. मी जवळ गेलो तशी ती बाजूला सरकली, पदर ओढला, आणि बॉनेटकडे बघितलं, म्हणजे पैसे तिथं ठेवा. मी ठेवले नाहीत. हात पुढे धरला. तिनं फडकं खांद्यावर टाकलं, हात साडीला पुसला आणि पैसे घेतले, मोजले.

"दादा, वरचं दोन रुपये कशाला?"

"हिशोबात येतात," मी म्हटलं.

तीस एप्रिलला सहा हजार नऊशे बारा रुपये दिले. धाकटीला, हातात.